आफ्रिकेतल्या सूक्ष्म गांधीलमाश्यांचे नाव-गाव

गांधीलमाशी म्हटले की पिवळीजर्द, कमरेत बारीक आणि डंख मारला की दिवसभर ठणका देणारी माशी डोळ्यांपुढे येते. तिच्या गोतातल्या असंख्य जाती मात्र तिळाहूनही लहान असतात. त्या पोळे बांधत नाहीत आणि माणसाच्या वाटेलाही जात नाहीत. त्यांची मादी दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात आपले अंडे घालते. त्यातून निघालेली अळी त्या यजमानाला खाऊन वाढते आणि शेवटी यजमानाचे नुसते टरफल मागे ठेवून पंख फुटलेली माशी बाहेर पडते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत अशा परोपजीवी गांधीलमाश्या जवळजवळ प्रत्येक अधिवासात आढळतात. काँगो खोऱ्यातले वर्षावन, पूर्व आफ्रिकेतली गवताळ मैदाने, केप प्रांतातली झुडपे, नामिबचे वाळवंट आणि शेतकऱ्याच्या मक्याचे शेत, यांपैकी कोणतीही जागा त्यांना वर्ज्य नाही.

उवा, गोचिडी आणि जंतही परोपजीवीच. पण ते यजमानाला सहसा मारत नाहीत, कारण तो जगला तरच त्यांचे पोट भरते. या गांधीलमाश्यांच्या बाबतीत यजमानाचा मृत्यू ठरलेला असतो. म्हणूनच किडींच्या नैसर्गिक नियंत्रणात त्यांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रातल्या ऊस किंवा कापूस उत्पादकाला ‘ट्रायकोकार्ड’ परिचित असते. त्या कार्डावर चिकटवलेल्या अंड्यांतून बाहेर पडणारी ट्रायकोग्रामा ही याच गोतातली अर्ध्या मिलिमीटरची माशी.

अनोळखी पाहुण्याला आधी नाव-गाव विचारले जाते. या माश्यांचा अभ्यासही त्याच दोन प्रश्नांभोवती फिरतो. नाव म्हणजे जातीची अचूक ओळख. गाव म्हणजे ती कोणत्या प्रदेशात, कोणत्या वनस्पतीवर आणि कोणत्या यजमानाच्या आधारे राहते याची माहिती. आफ्रिकेतल्या शेतीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर या दोहोंपैकी एक चुकले की दुसरेही चुकते आणि त्याची किंमत पिकाला मोजावी लागते, असे पुन्हा पुन्हा दिसते.

किती लहान?

मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्या ज्या गणात मोडतात त्याला हायमेनॉप्टेरा म्हणतात. त्यातले कॅल्सिडॉइडिया हे अधिकुल सूक्ष्म परोपजीवींचे सर्वांत मोठे भांडार आहे. जगभरातून त्याच्या २२ हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे, आणि प्रत्यक्षात त्या पाच लाखांपर्यंत असाव्यात असा काही तज्ज्ञांचा अंदाज आहे. यांतल्या बहुसंख्य माश्यांची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते. मायमॅरिडी या कुलातल्या माश्या त्याहूनही नाजूक. जगातला सर्वांत लहान ज्ञात प्रौढ कीटक याच कुलातला आहे: अमेरिकेत सापडलेल्या एका जातीचा बिनपंखी, आंधळा नर अवघा ०.१३९ मिलिमीटर लांबीचा असतो.

इतक्या छोट्या देहात सगळे अवयव बसवायचे तर शरीराच्या रचनेत काटकसर करावी लागते. मेगाफ्रॅग्मा या प्रजातीतल्या माशीच्या मज्जासंस्थेत सुमारे ७,४०० चेतापेशी असतात, आणि प्रौढावस्थेत त्यांतल्या बहुतेकींमध्ये केंद्रकही उरत नाही. मधमाशीच्या मेंदूत हीच संख्या साडेआठ लाखांच्या घरात जाते. तरीही ही माशी उडते, यजमानाची अंडी शोधते आणि नेमक्या जागी आपले अंडे घालते. पंखांतही असाच फरक दिसतो. मोठ्या माश्यांचे पंख पातळ पडद्यासारखे असतात, तर सूक्ष्म जातींचे पंख अरुंद काडीसारखे असून त्यांच्या कडांना लांब केसांची झालर असते. इतक्या लहान प्राण्याला हवा दाट द्रवासारखी भासते, त्यामुळे ही झालर वल्ह्याप्रमाणे काम करते.

ओळखण्याच्या खुणा

आफ्रिकेत पकडलेल्या माशीची ओळख पटवताना आधी तिचे कुल ठरवतात. त्यासाठी मोजक्याच खुणा उपयोगी पडतात. कॅल्सिड माश्यांच्या पुढच्या पंखात शिरांचे जाळे नसते. पंखाच्या वरच्या कडेने जाणारी एकच शीर असते आणि तिला टोकाकडे एक छोटा फाटा फुटतो. त्यांच्या स्पर्शिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. कित्येक जातींच्या अंगावर हिरवी, निळी किंवा तांबूस धातूची झाक असते.

यापुढे पायांकडे पाहावे लागते. ट्रायकोग्रॅमॅटिडी कुलातल्या माश्यांच्या पावलांना तीन सांधे असतात, युलोफिडीमध्ये चार, तर एन्सर्टिडीमध्ये बहुधा पाच. एन्सर्टिडींच्या मधल्या पायावर एक जाड काटा असतो आणि छातीची बाजू फुगीर असते. त्या फुगीर भागातल्या स्नायूंच्या जोरावर ही माशी टुणकन उडी मारते. मायमॅरिडींच्या कपाळावर एच अक्षराच्या आकाराच्या खाचा दिसतात आणि त्यांचा मागचा पंख देठावर बसवलेल्या पात्यासारखा असतो. सेलिओनिडी हे कॅल्सिडांबाहेरचे कुल. त्यांच्या स्पर्शिका चेहऱ्यावर अगदी खाली, तोंडाजवळ उगवतात आणि उदराच्या दोन्ही कडा धारदार असतात. सेराफ्रॉनिडी कुलात पुढच्या पायाच्या नळीवर एकाऐवजी दोन काटे असतात.

कुल कळले की यजमानाचाही साधारण अंदाज बांधता येतो. मायमॅरिडी, ट्रायकोग्रॅमॅटिडी आणि सेलिओनिडी मुख्यतः अंड्यांवर जगतात. एन्सर्टिडींचा ओढा पिठ्या ढेकूण आणि खवले किडींकडे, तर अफेलिनिडींचा पांढरी माशी आणि खवले किडींकडे असतो. ब्रॅकोनिडी हे आणखी एक मोठे कुल. त्यातल्या कोटेशिया प्रजातीच्या माश्या अळ्यांच्या पोटात वाढतात आणि नंतर अळीच्या अंगावर किंवा शेजारी पांढऱ्या रेशमी कोषांचा पुंजका करतात.

कुलापर्यंतची वाट सोपी आहे, जातीपर्यंतची खडतर. एकाच प्रजातीतल्या दोन जाती भिंगाखाली सख्ख्या बहिणी वाटतात. स्पर्शिकेच्या कोणत्या खंडाची लांबी रुंदीच्या किती पट आहे, पंखावर केसांच्या किती ओळी आहेत, अंडनलिका पायाच्या तुलनेत किती लांब आहे, अशी मोजमापे घ्यावी लागतात. नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात की त्यांना दोन जाती समजण्याची चूक सहज होते. ट्रायकोग्रामाच्या बाबतीत रंग आणि आकार तर साफ फसवतात, कारण ते तापमानानुसार आणि यजमानानुसार बदलतात. या गुंत्यातून वाट काढली ती बंगळूरला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज या संशोधकांनी. नराच्या जननेंद्रियाची रचना ही खात्रीची खूण आहे, हे त्यांनी १९६८पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांतून दाखवून दिले. आज आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांतही ट्रायकोग्रामा ओळखताना हाच निकष वापरतात.

जाळे, सापळा आणि काचपट्टी

डोळ्यांना जेमतेम दिसणारी माशी पकडायची कशी? गवतावरून आणि झुडपांवरून बारीक विणीचे जाळे फिरवणे हा सर्वांत जुना मार्ग. पिवळ्या रंगाकडे अनेक कीटक खेचले जातात. म्हणून पिवळ्या वाडग्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून तो जमिनीवर ठेवला, की त्यात शेकडो माश्या पडतात. मॅलेझ सापळा हा जाळीच्या तंबूसारखा असतो. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मॅलेझ यांनी तो १९३०च्या दशकात तयार केला. उडताना आडव्या भिंतीवर आदळलेला कीटक वर चढतो आणि टोकाशी लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. वर्षावनात झाडांच्या शेंड्यांवर पायरेथ्रमचा धूर सोडून खाली पसरलेल्या कापडावर कीटक गोळा करतात. पालापाचोळ्यातल्या माश्यांसाठी पाचोळा चाळून कापडी पिशव्यांत टांगून ठेवतात. तो सुकू लागला की आतले जीव खालच्या बाटलीत उतरतात.

सापळ्यात सापडलेल्या माशीवरून ती अमुक ठिकाणी उडत होती एवढेच समजते. ती कोणावर जगते हे कळण्यासाठी यजमान पाळावा लागतो. किडलेली अंडी, अळ्या, फळे किंवा पानांवरच्या गाठी गोळा करून काचेच्या नळीत ठेवायच्या आणि त्यांतून काय बाहेर पडते याची वाट पाहायची, असे हे चिकाटीचे काम आहे. त्यातही फसगत होऊ शकते. बाहेर पडलेली माशी किडीवर जगणारी असेल, किंवा किडीवर जगणाऱ्या माशीवर जगणारीही असेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिली मित्र, तर दुसरी त्या मित्राची शत्रू.

नमुना मिळाल्यावर तो तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतात. मऊ देहाची माशी उघड्या हवेत वाळवली तर मुडपून जाते. म्हणून विशेष द्रव वापरून ती आकार न बिघडता सुकवतात आणि जाड कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवतात. अगदी लहान जाती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करून कॅनडा बाल्सममध्ये काचपट्टीवर कायमच्या बसवतात. प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, सापळा आणि यजमान यांची चिठ्ठी असते. चिठ्ठी हरवली की नमुन्याचे गाव हरवते.

गेल्या दोन दशकांत जनुकीय ओळखीची जोड मिळाली आहे. २००३ मध्ये कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधील एका जनुकाचा ठरावीक तुकडा प्राण्यांच्या जातींची ओळख पटवण्यासाठी वापरावा अशी कल्पना मांडली. या तुकड्याला डीएनए बारकोड म्हणतात. माशीचा देह शाबूत ठेवून हे द्रव्य काढता येते, त्यामुळे एकाच नमुन्याची भिंगाखाली आणि जनुकीय अशी दुहेरी तपासणी होते. अळीच्या पोटात दडलेल्या परोपजीवीचे नावही यातून कळू शकते. मात्र तुलनेसाठी आधी अचूक ओळखलेला नमुना लागतो; तो नसेल तर हाती येतो नुसता क्रमांक, नाव नव्हे.

अधिवास आणि विस्तार

सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानाचा नैऋत्य कोपरा मिळून जो जीवभौगोलिक प्रदेश होतो, त्याला आफ्रोट्रॉपिकल प्रदेश म्हणतात. परोपजीवी माशीचा विस्तार मुख्यतः यजमानाच्या विस्तारावर ठरतो. पण यजमान आहे तिथे माशी असेलच असे नाही.

अंजिराच्या कुलातला सिकॅमोर वृक्ष याचे उत्तम उदाहरण आहे. हा आपल्या उंबराचा जवळचा नातलग. उंबर फोडले की उडणारी केंबरे मराठी माणसाला ठाऊक आहेत. तशीच सूक्ष्म माश्यांची वस्ती सिकॅमोरच्या फळातही असते. सिराटोसोलन अरेबिकस ही माशी त्याचे परागण करते. शिवाय फळात नुसत्या गाठी करणाऱ्या आणि बाहेरून लांब अंडनलिका खुपसून आतल्या रहिवाशांच्या जिवावर पिल्ले वाढवणाऱ्या माश्याही असतात. इजिप्तमध्ये हा वृक्ष हजारो वर्षांपासून लावला जातो, पण त्याची परागण करणारी माशी तिथे नाही. फक्त गाठी करणारी आहे. त्यामुळे तिथल्या फळांत बी धरत नाही. प्राचीन इजिप्ती लोक फळावर चीर देऊन ते पिकवत. वृक्षाचे गाव वाढले, माशीचे मात्र तेवढेच राहिले.

अधिवासानुसार माश्यांची जीवनपद्धतीही बदलते. गवताळ प्रदेशात टोळ जमिनीत अंड्यांचे पुंजके पुरतात. सेलिओ प्रजातीची मादी माती उकरत तिथवर पोहोचते. पाचोळ्यात उडण्याचा उपयोग नसतो, उलट पंख अडचणीचेच ठरतात. कोळ्यांच्या अंड्यांवर जगणाऱ्या बेअस प्रजातीच्या माद्यांना म्हणूनच पंख नसतात आणि त्या ठिपक्यासारख्या गोल दिसतात. नदीकाठच्या झाडीत त्सेत्से माशीचे कोष मातीत पडलेले असतात. त्यांवर युलोफिडी कुलातली नेसोलिंक्स ग्लॉसिनी ही माशी वाढते. जेम्स वॉटरस्टन यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिचे वर्णन केले. कॉफीच्या फळात शिरणाऱ्या भुंगेऱ्यावर जगणारी, एक मिलिमीटरच्या आसपासची फायमॅस्टिकस कॉफिया हीदेखील मूळची आफ्रिकेची. कॉफीसारख्या जगभर पोहोचलेल्या पिकावरच्या या माशीला शास्त्रीय नाव मिळायला मात्र १९९० साल उजाडले.

नाव चुकले की गाव चुकते

केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत १९२३च्या सुमारास पिठ्या ढेकणाचा उद्रेक झाला. ही कीड लिंबूवर्गीय झाडांवरची सर्वपरिचित जात आहे असे आधी ठरवले गेले; पुढे ती आशियातली दुसरीच एक जात असल्याचे मानले गेले. किडीचे नाव आशियाई, म्हणून तिच्या परोपजीवींचा शोधही आशियात चालला. तिकडून आणलेल्या माश्यांनी या किडीकडे पाठच फिरवली. अखेर १९३५ मध्ये आर. एच. ल पेली यांनी बारकाईने तपासणी करून ही वेगळीच जात असल्याचे दाखवले आणि तिला केनियाचे नाव दिले. तिचे मूळ गाव शेजारच्या युगांडात निघाले. तिथे ती होती, पण उपद्रव करत नव्हती, कारण तिच्यावर जगणाऱ्या माश्या तिथे होत्या. १९३८ मध्ये युगांडातून आणलेल्या अनॅगायरस प्रजातीच्या माश्यांनी काही वर्षांतच कीड आटोक्यात आणली. समुद्रापलीकडे चाललेला शोध शेजारच्या देशात संपला.

चाळीस वर्षांनी हाच धडा मोठ्या पटावर पुन्हा गिरवावा लागला. कसावा, म्हणजे साबुकंद, हे दक्षिण अमेरिकेतले पीक पोर्तुगीजांनी आफ्रिकेत आणले आणि ते कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न बनले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काँगो खोऱ्यात त्यावर एक अनोळखी पिठ्या ढेकूण दिसला. काही वर्षांत तो सेनेगलपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत पसरू लागला. काही ठिकाणी कंदांचे ८० टक्क्यांपर्यंत नुकसान झाले. १९७७ मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ दानिएल मातिल-फेरेरो यांनी त्याचे फेनाकॉकस मॅनिहोटी या नावाने वर्णन केले.

पीक दक्षिण अमेरिकेचे, तेव्हा कीडही तिथलीच असणार, हा तर्क बरोबर होता. पण त्या खंडाच्या उत्तर भागात कसाव्यावर जो पिठ्या ढेकूण सापडला तो हुबेहूब तसाच दिसत असूनही वेगळा निघाला. तो पिवळसर होता आणि त्याच्यात नर होते. आफ्रिकेतला गुलाबी होता आणि त्याच्या माद्या नराविनाच प्रजनन करत. त्या पिवळ्या जातीवरच्या माश्या आफ्रिकेतल्या किडीवर वाढल्या नाहीत. खरी जात अखेर १९८१ मध्ये दक्षिणेला, पॅराग्वेत अँथनी बेलोटी यांना मिळाली. तिच्यावर जगणारी एन्सर्टिडी कुलातली छोटी माशी, अनॅगायरस लोपेझी, ही अर्जेंटिनाचे लुईस दे सांतिस यांनी १९६४ मध्येच नाव देऊन ठेवलेली होती. तिला नाव मिळाले होते, पण तिच्या उपयोगाचा पत्ता सतरा वर्षे कोणाला नव्हता.

या माश्या लंडनमध्ये विलग्नवासात तपासून नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत आणल्या गेल्या आणि १९८१च्या अखेरीस शेतांत सोडल्या. हान्स हेरेन यांच्या नेतृत्वाखाली हे काम पुढे विमानांतून माश्या सोडण्यापर्यंत वाढले. १९९० पर्यंत ही माशी आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत स्थिरावली होती. हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

एक नाव, दोन स्वभाव

कधी नाव बरोबर असूनही ओळख अपुरी ठरते. ज्वारी आणि मक्यावरचा ठिपक्यांचा खोडकिडा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा जुना वैरी आहे. आशियातला हा किडा आफ्रिकेत पहिल्यांदा १९३० मध्ये मलावीत नोंदला गेला आणि पुढे पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पसरला. नैरोबीतील ‘इसिपी’ या कीटकसंशोधन केंद्राने त्याच्यासाठी पाकिस्तानातून कोटेशिया फ्लॅव्हिपेस ही माशी आणली आणि १९९३ मध्ये केनियाच्या किनारी भागात सोडली. ती तिथे रुजली.

आफ्रिकेची स्वतःची एक जात आहे: कोटेशिया सेसेमी. दोघी इतक्या सारख्या दिसतात की नराच्या जननेंद्रियाच्या तपासणीशिवाय किंवा जनुकीय चाचणीशिवाय फरक कळत नाही. अधिक विस्मयकारक गोष्ट सेसेमीमध्येच आढळली. केनियाच्या पश्चिमेकडील उंच भागातल्या माश्या बुसिओला फुस्का या आफ्रिकी खोडकिड्याच्या पोटात व्यवस्थित वाढतात. किनाऱ्यावरच्या माश्यांची अंडी मात्र त्याच अळीच्या रक्तपेशी वेढून मारून टाकतात. नाव एक, रूप एक, पण उंच प्रदेशातला खोडकिडा एकीला पोसतो आणि दुसरीला संपवतो. यामागे एका विषाणूचा हात आहे. कोटेशियाच्या जनुकांतच वसलेला हा विषाणू अंड्यांबरोबर अळीच्या शरीरात सोडला जातो आणि तिची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. दोन्हीकडच्या माश्यांमध्ये या विषाणूच्या जनुकाची रूपे वेगळी आहेत. त्यामुळे माशी सोडताना जातीच्या नावापुढे तिचे गावही लिहावे लागते.

माणसाबरोबर झालेला प्रवास

नीलगिरीच्या लागवडीबरोबर ऑस्ट्रेलियातला एक सोंडकिडा दक्षिण आफ्रिकेत आला. तो तिथे १९१६ मध्ये पहिल्यांदा आढळला. त्याच्या अंड्यांवर जगणारी मायमॅरिडी कुलातली ॲनाफेस निटेन्स ही माशी १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणली गेली. कीड बऱ्याच भागांत आटोक्यात आली, पण थंड, उंच प्रदेशात यश कमी मिळाले. तब्बल ८६ वर्षांनी, २०१२ मध्ये, हा सोंडकिडा म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या अनेक जातींचा गट असल्याचे आणि आफ्रिकेतल्या किड्याला इतकी वर्षे दुसऱ्याच जातीचे नाव चिकटल्याचे सिद्ध झाले.

भारतातूनही एक माशी आफ्रिकेत गेली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टोगो आणि घानामध्ये आंब्यावर दक्षिण आशियातला पिठ्या ढेकूण पसरला. त्याच्यावर जगणारी गायरानुसॉइडिया टेबिगी ही माशी भारतात सापडली आणि १९८७ मध्ये टोगोत सोडली गेली. जॉन नॉयेस यांनी तिचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले ते त्यानंतर, १९८८ मध्ये. परतीचा प्रवासही झाला. कसाव्याचा तोच गुलाबी पिठ्या ढेकूण २०२० मध्ये केरळात आढळला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूर येथील संस्थेने बेनिनमधून अनॅगायरस लोपेझी आणून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडली. महाराष्ट्रात उपासाला लागणारा साबुदाणा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. त्यामुळे पॅराग्वेची, आफ्रिकेत नावारूपाला आलेली ही माशी एकादशीच्या खिचडीशीही जोडली गेली आहे.

काही माश्या कोणी न आणताही येतात. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत २०१६ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली. तिच्या अंड्यांवर जगणारी टेलेनोमस रेमस ही माशी बाहेरून आणावी का, याची चर्चा सुरू होती. तेवढ्यात बेनिन, कोत दिव्वार, नायजर, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतून गोळा केलेल्या अंड्यांतून तीच माशी निघाली. रूपाची आणि जनुकांची तपासणी करून २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब झाले. जी परदेशातून आणायची होती ती आधीच अंगणात होती.

नकाशातल्या रिकाम्या जागा

आफ्रिकेतल्या सूक्ष्म गांधीलमाश्यांच्या विस्ताराचा नकाशा जपून वाचावा लागतो. त्यावरचे ठिपके माश्या जिथे आहेत तिथले कमी आणि संग्राहक जिथे गेले तिथले जास्त असतात. दक्षिण आफ्रिका आणि केनियात संस्था, संग्रह आणि तज्ज्ञ आहेत, म्हणून तिथे ठिपके दाट दिसतात. पिकांवरच्या माश्या अधिक माहीत आहेत, जंगलातल्या कमी. वसाहतकाळात वर्णन झालेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने लंडन, पॅरिस आणि बेल्जियममधील तेरव्युरेन येथील संग्रहालयांत आहेत. नव्या नमुन्याची खात्री करायची तर त्यांच्याशी तुलना करणे भाग पडते, आणि आफ्रिकेतल्या संशोधकाला त्यासाठी युरोप गाठावा लागत असे.

हे चित्र हळूहळू बदलते आहे. प्रिटोरियात गेरहार्ड प्रिन्सलू यांनी १९८० मध्ये आफ्रिकेतल्या कॅल्सिड कुलांची सचित्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. केप टाउनच्या इझिको संग्रहालयात सायमन व्हॅन नूर्ट यांनी उभारलेल्या ‘वास्पवेब’ या माहितीकोशात कुले ओळखण्याच्या किल्ल्या, छायाचित्रे आणि विस्ताराच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. नमुन्याचे अनेक स्तर जोडून घेतलेले सुस्पष्ट छायाचित्र आता मूळ नमुन्याच्या दर्शनाची गरज बऱ्याच प्रमाणात भागवते.

तरी बाकी असलेले काम किती आहे, याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०२३ मध्ये सेराफ्रॉनिडी आणि त्याच्या जवळच्या माश्यांवरील एकाच शोधनिबंधात आफ्रोट्रॉपिकल प्रदेशातल्या ८८ नव्या जातींचे वर्णन झाले. या माश्या दुर्मीळ नव्हत्या. सापळ्यांच्या बाटल्यांत त्या नेहमीच पडत होत्या. त्यांचे गाव चिठ्ठीवर लिहिलेले होते, नाव तेवढे कोणी दिले नव्हते.